सिझेरियन: सरकारी की खासगी? उत्तराआधी थोडा इतिहास

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती आणि एक ओळखीचं कुटुंब आत आलं. आठवा महिना संपत आलेली सून, तिचा नवरा आणि सासू. सासूबाईंनी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक जवळच्या खासगी नर्सिंग होमचा, त्यावर खर्चाचा अंदाज लिहिलेला. दुसरा जिल्ह्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयाचा केसपेपर. पहिलीच खेप, बाळ पायाळू. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सिझेरियन लागेल असंच सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमची लेक असती तर कुठं नेली असती?"

मी फिजिशियन आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. सिझेरियन मी करत नाही. पण गेली पंचवीस-तीस वर्षं हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो आहे. घरात भांडणं लावणारा प्रश्न आहे हा. एका बाजूला "सरकारीत कोण विचारतंय?" ही भीती, दुसऱ्या बाजूला "खासगीत उगाच कापतात" हा संशय. दोन्ही समज हवेतून आलेले नाहीत, त्यांना इतिहास आहे. तो कळला तर निवड सोपी होते, म्हणून आज आधी थोडं मागे जाऊ.

नाव सीझरचं, पण तो असा जन्मला नव्हता

ज्युलियस सीझर पोट कापून जन्मला म्हणून या ऑपरेशनला सिझेरियन म्हणतात, असं आपण ऐकलेलं असतं. ते खरं मानता येत नाही. सीझरची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर कितीतरी वर्षं जिवंत होती, आणि त्या काळात असं ऑपरेशन झालेली बाई जगणं जवळजवळ अशक्य होतं. प्राचीन रोममध्ये गरोदर बाई दगावली तर दफनाआधी पोट उघडून मूल बाहेर काढावं असा कायदा होता. आपल्या सुश्रुतसंहितेतही हेच आहे: गर्भवती अचानक मरण पावली आणि पोटात हालचाल दिसत असेल, तर वैद्याने ताबडतोब पोट उघडून बाळ काढावं. चाणक्याने बिंदुसाराला मृत आईच्या पोटातून काढल्याची दंतकथाही तुम्हाला माहीत असेल.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. हे ऑपरेशन मेलेल्या किंवा मरणाऱ्या आईवर होत असे. आईला वाचवणं हा त्याचा हेतूच नव्हता. आजही एखादी आजी "सिझर" हा शब्द ऐकून देवासमोर हात जोडते, तेव्हा तिला भित्री म्हणू नका. शेकडो वर्षांच्या अनुभवाची ती भीती आहे.

चार अडचणी सुटल्या, तेव्हा आई वाचू लागली

एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत आईवर सिझेरियन करणारे डॉक्टर चार गोष्टींपुढे हतबल होते: वेदना, जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि गर्भाशयाची जखम.

वेदनेचा प्रश्न आधी सुटला. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आलं. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत मांडली. तरीही बायका रक्तस्रावाने जात होत्या. कारण ऐकलं तर आश्चर्य वाटेल. बहुतेक सर्जन गर्भाशय शिवतच नसत. पोटाची कातडी शिवत आणि आतलं गर्भाशय तसंच सोडून देत, ते आपोआप आकसून जखम मिटेल या समजुतीने. १८७६ मध्ये इटलीतल्या एदुआर्दो पोरो यांनी रक्तस्राव थांबवण्यासाठी बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकलं आणि आई वाचली. पण पुन्हा आई होण्याची शक्यता संपली. १८८२ मध्ये जर्मनीतल्या माक्स झेंगर यांनी गर्भाशयाला चांदीच्या तारेचे आणि रेशमाचे टाके घालून दाखवले आणि तिथून चित्र बदललं. विसाव्या शतकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेक सिझेरियन त्याच पद्धतीने होतात. पुढे रक्तगट कळले, रक्त देणं सुरक्षित झालं आणि १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. सिझेरियन सुरक्षित झालं ते भूल, निर्जंतुकपणा, रक्त आणि शिवणारे कसबी हात या चार गोष्टींमुळे. त्यात आज पाचवी जोडा: जन्मल्याबरोबर बाळाला सांभाळणारा माणूस. इमारत सरकारी की खासगी, खोलीला एसी आहे की पंखा, हे या यादीत नाही.

आपल्याकडे प्रसूतिगृहं कशी आली

आपल्या पणज्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली बाळंत होत. सुईणी अनुभवी असत, पण बाळ अडलं तर त्यांच्याही हातात काही नसे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवस जगलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी त्या गेल्या.

त्यांना पदवी मिळाली त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने देशभर निधी उभा राहिला, तो बायकांवर बायकांनीच उपचार करावेत म्हणून. तेव्हाच्या घरंदाज बायका पुरुष डॉक्टरसमोर यायच्या नाहीत. पडद्याची किंमत किती होती याचं एक उदाहरण देतो. उत्तर भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांना दिसलं की, उन्हाचा कवडसाही न मिळालेल्या बायकांची हाडं मऊ होतात, कंबरेचं हाड वाकडंतिकडं होतं आणि बाळाला बाहेर यायला वाटच राहत नाही. कॅथलीन व्हॉन यांनी काश्मीरमधल्या अशा बायकांवर सविस्तर लिहिलं आहे. या बायकांना सिझेरियनवाचून गत्यंतर नव्हतं.

मग १९२६ साल आलं. परळमध्ये केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय त्याच वर्षी सुरू झाली. गिरणगावातल्या बायकांना, म्हणजे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आपल्याच बायकांना, चांगलं बाळंतपण मिळू लागलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा केला, देशातला तो पहिला. पुण्यात १९१२ साली छोटं प्रसूतिगृह म्हणून सुरू झालेलं केईएम पुढे डॉ. बानू कोयाजी यांनी नावारूपाला आणलं. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत. अवेळी उघडणारं गर्भाशयाचं तोंड बांधण्याचा त्यांचा टाका आज जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, आज आपण ज्यांना "सरकारी" किंवा "धर्मादाय" म्हणून नाक मुरडतो, त्याच दवाखान्यांतून प्रसूतिशास्त्र आपल्याकडे रुजलं. खासगीतले बहुतेक उत्तम स्त्रीरोगतज्ज्ञ तिथल्याच लेबर रूममध्ये रात्री जागून शिकलेले आहेत.

नर्सिंग होम का उगवली?

मग बायका खासगीत का जाऊ लागल्या? कारण मोठी रुग्णालयं शहरात होती आणि बाकी महाराष्ट्र लांब होता. १९४६ च्या भोर समितीने गावोगावी आरोग्य केंद्रांचं जाळं सुचवलं. ते उभं राहिलं, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझेरियन होत नाही. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय लागतं, आणि तिथे तज्ज्ञांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या.

मी १९९० च्या दशकात इंटर्न होतो. एका ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळी जीपमधून एक बाई आली. दोन दिवस घरीच कळा देत होती. बाळ आडवं होतं. आमच्याकडे ऑपरेशन थिएटर होतं, भूलतज्ज्ञ नव्हता. साठ किलोमीटरवरच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं, मी सोबत गेलो. पोचेपर्यंत गर्भाशय फाटलं होतं. बाई वाचली, बाळ गेलं. त्या तालुक्यात पुढच्या दोन-तीन वर्षांत एका डॉक्टर जोडप्याने नर्सिंग होम काढलं. नवरा सर्जन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, वर राहायचं आणि खाली दवाखाना. त्यांनी कितीतरी बायका वाचवल्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांची हीच कहाणी आहे. सरकारने सोडलेली पोकळी या लोकांनी भरली, हे मान्य करायला हवं.

पण पोकळी भरताना काही सवयीही लागल्या. छोट्या नर्सिंग होममध्ये एकच डॉक्टर असते, भूलतज्ज्ञ बाहेरून येतो. रात्री तीनला कळांची वाट बघत बसण्यापेक्षा संध्याकाळी सातला सगळी माणसं हजर असताना ऑपरेशन करणं सोयीचं, आणि कधीकधी खरोखरच जास्त सुरक्षितही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. "सिझर का केलं नाही?" म्हणून खटला होतो, "का केलं?" म्हणून क्वचितच. २००० साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर पायाळू बाळांसाठी सिझेरियनच करण्याचा प्रघात जगभर पडला. सिझेरियनचं बिल जास्त होतं, हेही खरं. कोणत्या पेशंटच्या बाबतीत यातलं कुठलं कारण वरचढ ठरलं, हे बाहेरून सांगता येत नाही.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशात शंभरातली साधारण ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये हा आकडा ८९ च्या जवळ गेला. महाराष्ट्रात तो ९५ च्या आसपास आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे देशात २००१-०३ मध्ये ३०१ माता दगावत, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात हेच आकडे १४९ आणि ३३. वीस वर्षांत एवढा फरक पडला आहे. यात सरकारी आणि खासगी, दोघांचाही वाटा आहे.

याच काळात सिझेरियनचं प्रमाण देशात ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेलं. २०१९-२१ मध्ये सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. तेलंगणात तर सगळ्या बाळंतपणांत मिळून ६० टक्क्यांच्या वर.

हे वाचून "म्हणजे खासगीवाले फसवतात" असं लगेच म्हणू नका. सरकारी आकड्यात प्राथमिक केंद्रांवरची साधी बाळंतपणं मिसळलेली असतात. अवघड केसेस घेणाऱ्या सरकारी मेडिकल कॉलेजात सिझेरियनचं प्रमाण खूप जास्त असतं, आणि ते योग्यच आहे. तरीही तिपटीहून जास्त फरकाचं स्पष्टीकरण एवढ्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्के हे प्रमाण सुचवलं होतं. २०१५ मध्ये त्यांनी म्हटलं की ठरावीक टक्केवारीमागे न लागता, जिला गरज आहे तिला सिझेरियन मिळेल हे पाहावं. मलाही हेच पटतं. आपल्या देशात गरज नसताना कापलेल्या बायका आहेत, आणि गरज असताना वेळेत न कापल्याने गेलेल्याही आहेत.

फुकट म्हणजे नेमकं काय?

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. यात सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझेरियन निःशुल्क आहे. औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण, घरून येण्याची, दुसरीकडे हलवण्याची आणि परत जाण्याची गाडी, सगळं त्यात येतं. आजारी बाळाचे उपचारही येतात. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. प्रत्यक्षात थोडा खर्च होतोच. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सरकारी बाळंतपणाला घरच्यांच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेले. पण खासगी सिझेरियनच्या बिलाच्या मानाने तो किरकोळ आहे.

तिसरा पर्यायही आहे, तो लोक विसरतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड सातव्या महिन्यातच तयार ठेवा. कळा सुरू झाल्यावर तहसील कचेरीत जाता येत नाही.

मग निवडायचं कसं?

आधी एक गोष्ट. अंगावरून रक्त जात असेल, झटके येत असतील, नाळ बाहेर आली असेल किंवा बाळाची हालचाल थांबली असेल, तर सरकारी-खासगी वाद घालू नका. सिझेरियनची सोय असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा. १०८ ला फोन करा.

वेळ हातात असेल, तर दोन्हीकडे जाऊन हेच प्रश्न विचारा:

१. रात्री दोन वाजता सिझेरियन लागलं तर कोण करेल? भूलतज्ज्ञ इथेच असतात की बाहेरून येतात, आणि किती वेळात?

२. रक्त इथे मिळतं का? नसेल तर कुठून येतं, किती वेळ लागतो?

३. जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञ असतात का? बाळाला काचेच्या पेटीची गरज पडली तर ती इथे आहे का?

४. प्रकरण हाताबाहेर गेलं तर तुम्ही कुठे पाठवता? हा प्रश्न खासगीत जरूर विचारा. पुष्कळदा उत्तर असतं, "सिव्हिलला" किंवा "मेडिकल कॉलेजला". मग जोखीम जास्त असेल तर आधीच तिथे का जाऊ नये?

५. माझ्या बाबतीत सिझेरियनचं कारण काय? कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि केसपेपरवर लिहिलेलं असलं पाहिजे. "बाळ मोठं वाटतंय" किंवा "नाळेचा वेढा आहे" एवढंच कारण असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कुठलाही चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

६. खासगीत पॅकेजमध्ये काय नाही, ते विचारा. औषधं, रक्त, बालरोगतज्ज्ञांची फी आणि मुख्य म्हणजे बाळाच्या अतिदक्षता विभागाचा रोजचा दर. घरं कर्जात बुडतात ती इथे, सिझेरियनच्या बिलाने नाही.

पुढचाही विचार करा. प्रत्येक सिझेरियननंतर पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा जुन्या टाक्याला चिकटण्याचा धोका वाढतो. आधीचं सिझेरियन असताना नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, पण तो रात्री-बेरात्री लगेच ऑपरेशन होऊ शकेल अशाच ठिकाणी.

सरकारी दवाखान्यात गर्दी असेल, खाट कॉरिडॉरमध्ये मिळेल, एखादी सिस्टर खेकसेल. हे मी नाकारत नाही. बाळंतिणीशी नीट बोलणं हाही उपचारच आहे आणि तिथे आपल्या सरकारी व्यवस्थेला अजून खूप शिकायचं आहे. पण खेकसणं सहन करता येतं, रक्त नसणं सहन करता येत नाही.

त्या सुनेचं काय झालं?

तिचे रिपोर्ट पाहिले. हिमोग्लोबिन ८.९. नर्सिंग होम स्वच्छ होतं, मॅडम चांगल्या होत्या, पण रक्त चाळीस किलोमीटरवरून यायचं. जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयाजवळ रक्तपेढी होती, भूलतज्ज्ञ आणि नवजात शिशू कक्ष आतच होता. मी म्हणालो, "माझी लेक असती तर या हिमोग्लोबिनला मी तिला रक्तपेढीजवळ नेली असती." त्यांनी तेच केलं. ऑपरेशननंतर एक पिशवी रक्त द्यावं लागलं. मुलगी झाली. सासूबाई पेढे घेऊन आल्या, आणि वॉर्डातल्या गर्दीबद्दल अर्धा तास तक्रारही केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलीला मी खासगीत जायला सांगितलं. तिथल्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा रिकामी होती आणि तिचं आधीचं एक सिझेरियन झालेलं होतं. कारण तेच, उत्तर फक्त वेगळं.

दारावरची पाटी कुणाची आहे हे शेवटी बघा. आधी वरचे सहा प्रश्न विचारा, आणि ते सातव्या महिन्यातच विचारा.